अकराचं औषध

काशीनाथ रामटेकेला धडधडीत भूत दिसलं असतं तर एक वेळ बरं झालं असतं. त्यानं त्याला समोर बसवून सुनावलं असतं, की हे बघ, छप्पन्न साली नागपुरात मी दीक्षा घेतली, तेव्हापासून तुझी-माझी ओळख संपली, आता नीघ. पण त्याच्या वाट्याला आला नुसता आवाज. स्टीलच्या वाटीवर चमचा आपटल्याचा. टण, टण, टण. तोही भुतांच्या वेळेला नाही. सकाळी अकराला, इंग्लंडात, लेस्टरमधल्या त्याच्या भिंतीला भिंत लागलेल्या रांगेतल्या घराच्या किचनमध्ये, खिडकीतून लख्ख ऊन आत आलेलं असताना.

अकरा ही भीमाबाईच्या औषधाची वेळ होती. काशीनाथ तिला चमच्यानं भरवायचा आणि शेवटी वाटी-चमचा तिच्या हातात द्यायचा. मग ती काठावर तीनदा चमचा आपटून उरलेला थेंब वाटीत पाडायची आणि तो जिभेवर घ्यायची. हा आवाज पहिल्यांदा आला तेव्हा नव्वद सालचा जानेवारी चालू होता, आणि भीमाबाईला जाऊन चार महिने झाले होते.

आता हे औषध कुठलं, ते सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

भीमाबाईच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी कापायची वेळ गेली म्हणून सांगितलं आणि तिला रुचेल ते खाऊ द्या म्हणाले. रुचत काहीच नव्हतं. काशीनाथ कामाला होता ती होजिअरी फॅक्टरी आदल्या वर्षीच बंद पडली होती, त्यामुळे तो दिवसभर घरात. जन्मात ज्यानं कधी चहाचं आधण ठेवलं नव्हतं, तो माणूस आता मऊ भात शिकला, सूप शिकला. अंगात ताकद यावी म्हणून बेलग्रेव्ह रोडवरच्या दुकानातून द्राक्षासव आणायला लागला. द्राक्षासव तिला आवडायचं. पण एके दिवशी दुकानदारानं हात वर केले. मुंबईहून माल आला नव्हता, कधी येईल ते सांगता येत नव्हतं.

काशीनाथ रिकाम्या हातानं परतला आणि मागच्या बागेत उभं राहून त्यानं कुंपणापलीकडच्या शेजारणीला हे सांगितलं. शेजारीण म्हणजे मादाम तेरेझ. भीमाबाई तिला तेरेजाबाई म्हणायची. लढाई संपल्यावर एका इंग्रज सोल्जरशी लग्न करून ती फ्रान्सच्या दक्षिण टोकाहून इथं आली होती आणि आता विधवा होती. तिच्या बागेत दक्षिणेकडच्या भिंतीला टेकून एक पोटफुगी काचेची बरणी ठेवलेली असायची, गुडघ्याहून उंच, आत काळपट लाल काहीतरी भरलेलं. ऊन असो, बर्फ असो, बरणी बाहेरच. भीमाबाईला त्यात काही नवल वाटलं नव्हतं. तिनं स्वतःच्या लिंबाच्या लोणच्याची बरणी त्याच उन्हात, कुंपणाच्या अलीकडे ठेवली होती. इंग्लंडच्या उन्हावर भरवसा ठेवणाऱ्या त्या दोघीच बायका त्या रस्त्यावर असतील.

तेरेझ म्हणाली, माझ्याकडे आहे ना. द्राक्षांचंच. आमच्या गावचं. बाळंतिणीला देतात, म्हाताऱ्यांना देतात. एकदम नॅचरल, गोड.

"नो व्हिस्की? नो ब्रँडी?" काशीनाथनं विचारलं.

"नो, नो! ग्रेप्स, काशी. ओन्ली ग्रेप्स अँड सन."

एवढं ऐकून त्याचं समाधान झालं. पुढचा प्रश्न त्यानं विचारलाच नाही. खरं सांगायचं तर काशीनाथला भाषण यायचं, प्रश्न विचारता यायचे नाहीत. लेस्टरच्या बौद्ध मंडळाचा तो चौदा वर्षं सेक्रेटरी होता आणि पंचशीलातल्या पाचव्या शीलावर, म्हणजे दारूबंदीवर, तो तासभर न थांबता बोलायचा. बाप हातभट्टीपायी गेला होता, त्यामुळे बोलणं पोटातून यायचं.

तेरेझनं बरणीतून एक साधी बाटली भरून दिली, विनालेबलची. काशीनाथनं वाटीत दोन चमचे ओतले. रंग तोच, तसंच दाट, गोड, मनुकांचा आणि थोडा जळक्या साखरेचा वास. त्याची खात्रीच पटली. त्यानं बायकोच्या मानेखाली हात घातला आणि पहिला चमचा तिच्या ओठांना लावला. भीमाबाईनं घोट घेतला, डोळे मिटले, आणि मग ते उघडून त्याच्याकडे पाहिलं.

"कसं आहे?"

"चांगलं आहे," ती म्हणाली. "उद्या पण द्या."

मग रोज अकराला हा सोहळा. भरवून झालं की भीमाबाई त्याला बाहेर पिटाळायची. "जा आता, पाय मोकळे करून या. घरात बसून काऊन राहता दिवसभर?" तो निमूटपणे कोट चढवून लायब्ररीपर्यंत जाऊन यायचा. परत आला की तिच्या गालांवर थोडा रंग असायचा. औषध लागू पडतंय असं तो सगळ्यांना सांगायचा. सप्टेंबरात ती गेली, त्या दिवशीही अकराचे दोन चमचे झाले होते.

सातव्या दिवशी मंडळाच्या हॉलमध्ये पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि शेजारी भीमाबाईचा. लोक फुलं वाहत होते. तेरेझ काळा ड्रेस घालून आली, फोटोपुढे वाकली, आणि पर्समधून एक बाटली काढून तिनं फुलांमध्ये ठेवली. या बाटलीला मात्र लेबल होतं.

"शी लव्ह्ड इट," ती डोळे पुसत म्हणाली. "काशी गेव्ह हर एव्हरी डे. विथ हिज ओन हँड."

मंडळाचा तरुण खजिनदार यशोधन पुढे झाला आणि त्यानं बाटली उचलून वाचली. वर गावाचं नाव होतं, बान्यूल्स. खाली सोळा टक्के.

"सर," तो हळूच म्हणाला, "ही वाइन आहे."

शंभर माणसं होती हॉलमध्ये. कुणी तोंडावर बोललं असतं तर काशीनाथला सोसलं असतं, पण सगळे एकदम समोशांच्या टेबलाकडे वळले. यशोधननं बाटली पडद्यामागे नेऊन ठेवली.

त्या लोकांना जे आठवलं तेच काशीनाथलाही आठवलं. तीन वर्षांपूर्वी त्याचा एकुलता एक मुलगा अजय बेसिंगस्टोकला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला आणि ऑफिसच्या ख्रिसमस पार्टीचा एक फोटो घरी आला. त्यात अजयच्या हातात वाइनचा ग्लास होता. सेक्रेटरीचा मुलगा! काशीनाथनं फोटो टेबलावर आपटला आणि म्हणाला, "ज्या हातात हा ग्लास आहे, त्या हातानं या घराची बेल वाजवायची नाही." अजयनं वाजवली नाही. आईच्या अंत्यसंस्काराला तो शेवटच्या रांगेत उभा राहिला आणि बापानं मान वर करायच्या आत निघून गेला.

घरी आल्यावर काशीनाथनं आधी उरलेली बाटली ओतून टाकायचं ठरवलं. सिंकपाशी गेला, बूच काढलं, वास आला, आणि हात पुढे जाईना. तिच्या ओठांना लागलेली शेवटची गोष्ट ती होती. त्यानं बूच लावलं आणि बाटली खिडकीत ठेवून दिली.

त्याला छळत होता तो एकच प्रश्न. भीमाला ठाऊक होतं का? तिनंही छप्पन्न साली, सोळा वर्षांची पोर असताना, आईचा पदर धरून त्या मैदानावर उभं राहून प्रतिज्ञा घेतली होती. ती तिनं तेहतीस वर्षं पाळली. आणि मरता मरता नवऱ्यानं, दारूबंदीवर भाषणं झोडणाऱ्या नवऱ्यानं, तिला न सांगता ती मोडायला लावली. आपण फसवून पाजली, हा काटा त्याला झोपू देईना. तेरेझला विचारावं असं रोज वाटायचं. विचारू, विचारू म्हणता म्हणता ख्रिसमस गेला, बाईनं घर विकलं आणि बरणी घेऊन ती बहिणीकडे गावी निघून गेली.

त्यानंतरच्या पहिल्याच उन्हाच्या दिवशी किचनमध्ये चमचा वाजला.

काशीनाथ पेपर टाकून धावला. किचनमध्ये कोणी नव्हतं. पण रॅकवर पालथी घातलेली वाटी खिडकीत सुलटी ठेवलेली होती, आणि तळाशी लाल रंगाचं एक ओलं कडं होतं. त्यानं ते बोटानं पुसलं. गोड वास आला.

पहिला संशय त्याला स्वतःचाच आला, आणि हे त्याच्या प्रामाणिकपणाला धरूनच होतं. म्हातारपण आहे, एकटेपण आहे, आपणच बेभानपणे ओतून पीत असू. त्यानं तळहातावर फुंकर मारून स्वतःच्या तोंडाचा वास घेतला. चहाचा आला. मग त्यानं बाटलीवर पातळीपाशी चिकटपट्टी लावली. ढगाळ दिवस गेले, काही झालं नाही. पुन्हा ऊन पडलं, अकराला आवाज आला, आणि वाइन पट्टीच्या खाली गेली. दोन चमचे. त्याचं माप बरोबर असायचं.

पंचाईत अशी, की त्याला दोन्हीकडून सुटका नव्हती. भीमा येते असं मानावं, तर भूतखेत मानलं. आपण पितो असं मानावं, तर दारू प्यायली. आणि उपाय करावा, तर शांती, श्राद्ध, पान वाढणं, हे सगळं त्यानं स्वतःच्या तोंडानं सोडलेलं. शेजारच्या गल्लीतल्या गुजराती बाईंनी एकदा आपणहून सुचवलं की कावळ्याला काहीतरी घाला. त्यावर त्यानं त्यांना दारातच वीस मिनिटं प्रबोधन केलं, आणि आत येऊन आधी बाटलीवरची पट्टी तपासली.

फेब्रुवारीत तो लायब्ररीत गेला आणि वाइनवरचा एक जाडजूड ग्रंथ काढून वर्तमानपत्राच्या आड धरून वाचायला लागला. कोणी ओळखीचं दिसलं की पुस्तक मिटायचा. त्या पुस्तकात तेरेझच्या गावावर एक अख्खं पान होतं. तिथले डोंगर सरळ समुद्रात उतरतात. जमीन काळ्या पाटीच्या दगडाची, दुपारी हात लावला तर भाजेल अशी. उतारावर माणसांनी हातांनी दगड रचून बांध घातलेत, आणि त्या पायऱ्यापायऱ्यांवर द्राक्षांची बुटकी, वाकडी, म्हातारी झाडं. डोंगरावरून असा वारा सुटतो की आठवडाभर माणसं एकमेकांशी धड बोलत नाहीत. द्राक्षं चुरून रस आंबायला ठेवतात, आणि त्यातली गोडी अजून पुरती गेलेली नसते तेवढ्यात वरून कडक दारू ओततात. आंबणं जागच्या जागी थांबतं. जी गोडी तोवर उरली असेल ती तशीच राहते, तीस वर्षं, चाळीस वर्षं. मग काचेच्या बरण्या भरून उन्हातान्हात उघड्यावर ठेवतात.

हे वाचून त्याला भीमाबाईची आठवण झाली, आणि मग अजयची. बोलणं मध्येच थांबवलं की ते संपत नाही, जसंच्या तसं राहतं. त्याला रडू आलं. लायब्ररीतल्या मुलीनं विचारलं, आर यू ऑल राइट, लव? त्यानं मान हलवली.

घरी येऊन त्यानं फळीवरची द्राक्षासवाची जुनी रिकामी बाटली काढली आणि भिंग लावून बारीक अक्षरं वाचली. त्यातही अल्कोहोल होतं, आपोआप तयार झालेलं. काशीनाथनं भिंग खाली ठेवलं. चौदा वर्षं भाषणं दिली आणि घरातल्या बाटलीचं लेबल एकदा वाचलं नाही.

एप्रिल आला. चौदा तारखेला जयंती, आणि पाचव्या शीलावर भाषण नेहमीप्रमाणे काशीनाथचं. यशोधन दोनदा येऊन विचारून गेला, "सर, यंदा तुम्हीच ना?" त्याच्या आवाजातली काळजी काशीनाथला बरोबर कळली. कुठल्या तोंडानं उभा राहणार होता तो? भीमाला ठाऊक होतं की नव्हतं, एवढं कळेपर्यंत त्याला एक वाक्य लिहिता येत नव्हतं.

जयंतीच्या आदल्या दिवशी गुड फ्रायडे होता. रस्ता सामसूम, ऊन कडकडीत. काशीनाथनं ठरवलं, आज काय तो निकाल लावायचा. पावणेअकराला तो किचनमध्ये खुर्ची टाकून बाटलीसमोर बसला. आपणच करत असू तर आज कळेल म्हणून त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. रॅकवर वाटी पालथी होती. घड्याळाचा काटा सरकत होता. हाताला मुंग्या आल्या तरी तो हलला नाही.

अकरा वाजले. आवाज आला, पण समोरून नाही. मागून, पुढच्या खोलीतून, जिथं शेवटच्या महिन्यात तिचा पलंग खाली आणून लावला होता तिथून. टण, टण, टण.

त्यानं मान वळवली. दारातून पलंगाची रिकामी जागा दिसत होती, कार्पेटवर चार पायांचे खळगे, आणि त्यांच्या पलीकडे छोट्या टेबलावरचा फोन. पुन्हा समोर पाहिलं तर वाटी खिडकीत होती, तळाशी लाल कडं. हात अजून मांड्यांखालीच होते, बधिर झालेले.

त्याला भीती वाटायला हवी होती. त्याला लाज वाटली. ही प्यायला येत नव्हती. हिला काहीतरी सांगायचं होतं आणि हा माणूस बाटलीवर चिकटपट्ट्या लावत बसला होता.

"भीमा," तो मोठ्यानं म्हणाला. घरात एकटाच माणूस मोठ्यानं बोलतो तेव्हा कसं वाटतं ते त्याला पहिल्यांदा कळलं. "तुला ठाऊक होतं का गं?"

चमचा वाजला होता त्या बाजूला त्यानं पुन्हा पाहिलं. तिथं फोन दिसतच होता. तो उठून तिथं गेला. फोनमागच्या भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर अजून लटकत होतं, सप्टेंबरवर थांबलेलं. त्यानं ते काढायला हात लावला, आणि पाठीमागे पेन्सिलीनं, भीमाबाईच्या मोठ्या मोठ्या मराठी आकड्यांत एक नंबर लिहिलेला दिसला. नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती.

तीन वर्षांत त्यानं हा नंबर कुणाला विचारला नव्हता. त्यानं तो फिरवला.

"हॅलो?"

"मी बोलतोय," काशीनाथ म्हणाला. आणि मग, वर्षानुवर्षं जे जमलं नाही ते केलं. विचारलं. "अजय, तुझ्या आईला मी जे औषध द्यायचो, ते वाइन आहे हे तिला माहीत होतं का?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"शी न्यू, बाबा," अजय म्हणाला. "फ्रॉम डे वन. आई हॉटेलमध्ये क्लीनिंग करायची ना, बारमध्ये? तिला स्मेल माहीत होता."

"तुला कोणी सांगितलं?"

"आईनंच. मी रोज सव्वा अकराला ऑफिसमधून फोन करायचो. तुम्ही वॉकला गेलात की. ती ना, जरा चॅटी असायची तेव्हा. हसायची." तो थांबला. "मी म्हटलं, आई, बाबांना सांग. तर म्हणाली, नको. ती म्हणाली... मी तिच्यासारखंच सांगतो हं. 'इतक्या वर्षांत पहिल्यांदा नवरा हातानं भरवून राहिला. त्याला नाही कसं म्हणू?'"

काशीनाथ कार्पेटवरच्या खळग्यांकडे पाहत राहिला.

"प्रतिज्ञेचं काय म्हणाली?"

"म्हणाली, प्रतिज्ञा माझी आहे, मी मोडली, बाबांनी नाही. आणि म्हणाली, ते विचारतील त्या दिवशी मीच सांगीन. सांगीन की, आता मलाही घराबाहेर काढा, नाहीतर माझ्या पोराला घरात घ्या. शी वॉज वेटिंग, बाबा. तुम्ही विचारलंच नाहीत."

"मग तू का नाही सांगितलंस? सात महिने झाले."

"तिनं प्रॉमिस घेतलं होतं. बाबा स्वतःहून तुला फोन करतील त्या दिवशी सांग, आधी नको." अजय आता रडत होता आणि ते लपवत नव्हता. "आय वेटेड. रोज सव्वा अकराला मी फोनकडे बघायचो. अजून बघतो."

काशीनाथनं घड्याळाकडे पाहिलं. सव्वा अकरा झाले होते.

"घरी ये," तो म्हणाला.

बेसिंगस्टोकहून लेस्टर अडीच तासांचं. काशीनाथनं भात लावला, वरण केलं, लिंबाच्या लोणच्याची शेवटची बरणी उघडली. दोन वाजले, सव्वादोन वाजले. बेल वाजली नाही. रस्त्यात काही झालं असेल का, या विचारात त्यानं गार झालेलं वरण दोनदा तापवलं. अडीचला राहवेना म्हणून तो दार उघडून बघायला गेला, तर अजय पायरीवरच उभा होता. दोन्ही हात कोटाच्या खिशात.

"कधी आलास?"

"हाफ अॅन आवर झाला."

"मग बेल का नाही वाजवलीस?"

अजयनं फक्त खिशातले हात आणखी आत सारले, आणि मग काशीनाथला स्वतःचंच वाक्य आठवलं. त्यानं पुढे होऊन मुलाचा उजवा हात खिशातून बाहेर ओढला, दोन्ही हातांत धरला आणि त्याला तसाच किचनपर्यंत घेऊन गेला.

ऊन खिडकीतून अजून जायचं होतं. काशीनाथनं वाटी धुतली, बाटलीचं बूच काढलं आणि दोन चमचे मोजून ओतले. बाटली रिकामी झाली.

"उद्या भाषण आहे माझं," तो म्हणाला. "सांगून टाकणार आहे सगळ्यांना."

"काय सांगणार, बाबा?"

"की मी पीत नाही, पिणारही नाही. आणि विचारतही नव्हतो, ते चुकलं."

त्यानं चमचा भरला. डावा हात मुलाच्या मानेमागे ठेवला, जसा तिच्या ठेवायचा तसा.

"आ कर."

"बाबा, इट्स वाइन."

"मला ठाऊक आहे काय आहे ते. औषध आहे तुझ्या आईचं. आ कर."

सव्वीस वर्षांच्या अजयनं लहान पोरासारखं तोंड उघडलं. एक चमचा झाला, दुसरा झाला. मग काशीनाथनं चमचा वाटीच्या काठावर आपटला. तीनदा. शेवटचा थेंब खाली पडला, आणि त्यानं वाटी मुलाच्या हातात दिली.